लग्नाचा दस्तऐवज

काही वर्षांपूर्वी भिवंडीच्या निजामपुऱ्यात एका विद्यार्थिनीच्या घरी जाण्याचा योग आला. निमित्त तिच्या प्रकल्पाचे होते. द्वितीय वर्षाच्या वर्गाला मी ‘घरातील एक जुना कागद’ असा विषय दिला होता. घरातला कोणताही कागद घ्यावा, तो कोणी, कोणासाठी आणि कशासाठी लिहिला याचा शोध घ्यावा आणि चार पाने लिहावीत, एवढीच अपेक्षा. बहुतेकांनी सातबारा, जुनी पत्रे, एखादी लग्नपत्रिका असे काही आणले. या मुलीने आजीचा निकाहनामा निवडला होता. तो वर्गात आणण्यास आजींची परवानगी नव्हती. म्हणून सरांनीच तो घरी येऊन पाहावा, असा निरोप आला.

लोखंडी पेटीतून, मऊ पडलेल्या कापडात गुंडाळलेला तो कागद निघाला. उर्दू लिपीतील मजकूर मुलीनेच वाचून दाखवला. वराचे नाव, वधूचे नाव, वधूच्या वकिलाचे नाव, दोन साक्षीदार, मेहरची रक्कम, तारीख. साठच्या दशकाच्या आरंभीचा तो कागद. त्या लग्नाचे छायाचित्र मात्र एकही नव्हते. मग आईच्या लग्नाचा, १९८९ सालचा, जाड पुठ्ठ्याचा अल्बम निघाला. पानापानांमध्ये झिरझिरीत कागद, आणि प्रत्येक पानावर आपल्याकडे टक लावून पाहणारी माणसे. शेवटी मोठ्या बहिणीच्या २०१६ सालच्या लग्नाचे पुस्तक आले. त्यासोबत पेनड्राइव्हही होता आणि त्यात म्हणे दीड हजारांच्या आसपास छायाचित्रे होती. या पुस्तकात कोणीच कोणाकडे पाहून उभे नव्हते. कोणी हसत होते, कोणी डोळे पुसत होते, एक मूल मंडपाच्या खांबाला टेकून झोपले होते, कढईवर वाकलेल्या बावर्चीच्या पाठीवर घामाची रेघ दिसत होती. आजींनी ते पुस्तक दोनचार पाने उलटून बाजूला ठेवले आणि नातीला विचारले, की या फोटोतली माणसे आपल्याकडे का बघत नाहीत?

हा लेख त्या प्रश्नाच्या आधाराने लिहीत आहे. लग्नाच्या छायाचित्रणातील या नव्या रीतीला ‘कँडिड’ म्हणतात. थोडे गंभीरपणे बोलायचे झाल्यास ‘डॉक्युमेंटरी’ शैली म्हणतात. या शैलीचा दावा असा, की ती प्रसंग घडवत नाही, घडणारा प्रसंग टिपते. दावा मोहक आहे. पण आजींच्या घरात त्या दिवशी एकाच वेळी तीन वस्तू पसरलेल्या होत्या आणि त्यातील दस्तऐवज कोणता, असे विचारले असते, तर घरातील प्रत्येकाने निःशंकपणे पेटीतल्या कागदाकडेच बोट दाखवले असते.

मराठीच्या अध्यापकाला शब्दापासून सुरुवात करण्याची खोड असते, ती वाचकांनी सहन करावी. ‘दस्तऐवज’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्यातला ‘दस्त’ म्हणजे हात. हाती धरण्याजोगा, वेळ आली तर पुढे करण्याजोगा पुरावा, असा त्या शब्दाचा आपल्या व्यवहारातील भाव आहे. ‘डॉक्युमेंटरी’ चित्रपटाला मात्र आपण ‘दस्तऐवजी’ म्हटले नाही. ‘अनुबोधपट’ म्हटले, पुढे ‘माहितीपट’ म्हटले. अनुबोध म्हणजे पाहून झाल्यानंतर होणारा बोध. या दोन शब्दांतील अंतर लहान नाही. पहिला शब्द कचेरीतला आहे, दुसरा अंधाऱ्या प्रेक्षागृहातला. इंग्रजीत हे अंतर एकाच शब्दाखाली झाकले गेले. जॉन ग्रिअरसन यांनी १९२६ साली फ्लाहर्टीच्या ‘मोआना’ या चित्रपटाविषयी लिहिताना हा शब्द वापरला आणि पुढे त्याची व्याख्या करताना वास्तवाच्या सर्जनशील हाताळणीवर भर दिला. म्हणजे आरंभापासूनच या प्रकारात हाताळणी होती. ती लपवलेली नव्हती.

छायाचित्रणाच्या बाबतीत हा भेद सर्वांत स्पष्टपणे मांडला तो वॉकर एव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकाराने. १९७१ सालच्या एका मुलाखतीत त्याने म्हटले, की ‘डॉक्युमेंटरी’ हा फसवा शब्द आहे. म्हणायचेच असेल तर ‘डॉक्युमेंटरी शैली’ म्हणावे. खुनाच्या जागेचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र हा खरा दस्तऐवज, कारण त्याचा उपयोग असतो. कलेला तसा उपयोग नसतो. म्हणून कला दस्तऐवज होऊ शकत नाही, ती फार तर त्याची शैली उचलू शकते. हे विवेचन अत्यंत नेमके आहे. पण एव्हान्सच्या या चौकटीत लग्नाचे छायाचित्र बसवून पाहिले, की ती चौकट डळमळू लागते. कारण लग्नाच्या छायाचित्राचा उपयोग असतो, आणि तो भिंतीवर टांगण्यापुरता नसतो.

त्या उपयोगाकडे येण्यापूर्वी थोडा इतिहास पाहू. छायाचित्रणाची घोषणा पॅरिसमध्ये १८३९ साली झाली आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा विवाह झाला. त्या विवाहाचे छायाचित्र नाही. पुढे १८५४ साली रॉजर फेंटनने राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांची दरबारी पोशाखातील छायाचित्रे काढली. ती आजही अनेक ठिकाणी त्यांच्या लग्नाची छायाचित्रे म्हणून दाखवली जातात. लग्नानंतर चौदा वर्षांनी काढलेले चित्र लोकांच्या मनात लग्नाचे चित्र होऊन बसले. लग्न झाले ते एक आणि आपण पाहतो ते दुसरे, ही गोष्ट या प्रकाराच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेली आहे.

त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतर दोन वर्षांनी, १८५६ मध्ये निघाल्या. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या या संस्थेतील एक प्रमुख हिंदी सभासद आणि स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि त्यातून शिकून बाहेर पडलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत या कलेचा व्यवसाय केला. परंतु या पहिल्या पिढीसमोर जो विषय ठेवला गेला, तो बहुतांशी जातीपातींच्या नमुन्यांचा होता. विल्यम जॉन्सनचे मुंबईतील रहिवाशांच्या ‘जाती आणि वंश’ यांविषयीचे ग्रंथ १८६३ आणि १८६६ साली निघाले. सरकारी पाठबळाचा ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा संग्रह १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाला. तेथे माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहतो तो व्यक्ती म्हणून नव्हे. ‘भंडारी’, ‘मेमन’, ‘प्रभू’ अशा नमुन्याच्या रूपाने. आपल्याकडील पहिले ‘दस्तऐवजी’ छायाचित्रण हे होते आणि ते राज्यकर्त्याच्या कचेरीसाठी होते, हे विसरता येत नाही.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली, की स्टुडिओतील विवाहचित्राचा अर्थ वेगळा लागतो. खुर्चीत बसलेला नवरा, शेजारी उभी पत्नी, मागे रंगवलेला पडदा, तिपाईवर फुलदाणी. या चित्रांच्या कृत्रिमतेला आपण आज हसतो. पण येथे माणूस पहिल्यांदाच स्वतः पैसे मोजून, स्वतः कपडे निवडून, स्वतःच्या इच्छेने कॅमेऱ्यासमोर बसत होता. आपण कसे दिसावे हे तो ठरवत होता. नमुन्यातून बाहेर पडून व्यक्ती होण्याचा तो एक मार्ग होता. स्त्रियांसाठी हा मार्ग अधिक अडचणीचा. लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास जनान्यासाठी स्टुडिओ उघडला आणि त्याची व्यवस्था केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंकडे सोपवली, ती याच कारणाने. पडद्यातील स्त्रीचे छायाचित्र स्त्रीनेच काढावे, हा विचार त्या काळी व्यवसायाने स्वीकारला होता. आज निजामपुऱ्यात किंवा मुंब्र्यात लग्नाच्या जनानखान्यासाठी ‘लेडीज फोटोग्राफर’ शोधली जाते, तेव्हा हाच धागा पुढे चालू असतो.

याच सुमारास दुसरी एक दृष्टी मुंबईत उदयाला येत होती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मूळचे छायाचित्रकार. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत सावेदादांनी स्वतःसाठी चित्रपटाचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनवरील कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनिअर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे मुंबईत झालेले स्वागत त्यांनी टिपले. या चित्रणास भारतीय वार्तापटाचा आरंभ मानतात. त्यांनी पडदा रंगवला नाही, खुर्ची मांडली नाही. गर्दी जशी लोटली तशी टिपली. समारंभ टिपण्याची ‘डॉक्युमेंटरी’ रीत अमेरिकेहून अलीकडे आली असे समजण्याचे कारण नाही. मुंबईच्या चौपाटीवर ती सव्वाशे वर्षांपूर्वी अवतरली होती. ती लग्नमंडपात शिरण्यास शतक लागले, एवढेच.

शतक का लागले, याचे उत्तर सौंदर्यदृष्टीपेक्षा अधिक करून रिळात सापडते. सत्तरीच्या दशकापर्यंत लग्नाचा फोटोग्राफर गळ्यात यशिका किंवा रोलिफ्लेक्स अडकवून येई. त्यातील १२० क्रमांकाच्या रिळात चौकोनी बारा चित्रे निघत. परदेशी फिल्मची आयात नियंत्रित होती. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म वापरात आली, तरी फिल्म ही जपून वापरण्याचीच वस्तू राहिली. दोन रिळे म्हणजे चोवीस चित्रे. त्या चोवीसांत दोन्हीकडचे आईवडील, मामा, आत्या, आहेर, विहिणींची पंगत आणि पाठवणी हे सर्व बसवायचे. अशा वेळी कोणाचे हसू अचानक उमटेल म्हणून वाट पाहत बसणे परवडणारे नव्हते. फोटोग्राफर सर्वांना ओळीत उभे करी, श्वास रोखायला सांगे आणि एकदाच बटण दाबी. ‘पोझ’ हा त्या काळाचा सौंदर्यविचार होताच. पण त्याआधी तो जमाखर्च होता.

नंतर पस्तीस मिलिमीटरची छत्तीस चित्रांची रंगीत रिळे आली, रंगीत लॅबचे जाळे पसरले आणि अल्बम फुगला. विद्यार्थिनीच्या आईचा अल्बम या काळातला. त्यात हृदयाच्या आकारात बसवलेले वधूवरांचे चेहरेही होते. ‘मिक्सिंग’ हा शब्द तेव्हा परवलीचा होता. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला. व्हिडिओविषयी सुसंस्कृत वर्तुळात नेहमीच नाक मुरडले गेले आणि त्याला कारणेही होती. तो प्रखर दिवा, वायर धरून मागे धावणारा पोरगा, कॅमेऱ्याचा झोत आला की घास हातात धरून थांबणारी पंगत. तरीही मला वाटते, की लग्नातील खरा अनुबोधपट जर कोणी प्रथम केला असेल, तर तो या व्हिडिओवाल्याने. कारण त्याच्यापाशी तीन तासांची कॅसेट होती. निवड करण्याचे कारणच नव्हते. त्यामुळे त्याच्या चित्रणात अल्बममधून वगळली गेलेली माणसे आली: कोपऱ्यात बसलेली विधवा काकू, मंडपाबाहेर उभे असलेले बँडवाले, उष्टी ताटे उचलणारी मुले. त्याला ते दाखवायचे होते असे नाही. ते त्याच्याकडून वगळले गेले नाही.

ज्याला आज ‘डॉक्युमेंटरी’ शैली म्हणतात, तिने व्हिडिओवाल्याची ही अनवधानाने झालेली कामगिरी जाणीवपूर्वक हाती घेतली. अमेरिकेत डेनिस रेगी या छायाचित्रकाराने वृत्तछायाचित्रणाची रीत लग्नात आणली. १९९६ साली जॉन केनेडी धाकटे आणि कॅरोलिन बेसेट यांच्या गुप्तपणे झालेल्या विवाहात त्याने टिपलेले, चर्चच्या दारात वधूच्या हाताचे चुंबन घेणाऱ्या वराचे चित्र जगभर छापले गेले आणि ती रीत लोकप्रिय झाली. त्यामागे अर्थातच कार्तिये-ब्रेसाँ यांचा, योग्य क्षणाची वाट पाहण्याचा विचार होता. आपल्याकडे सूनी तारापोरवाला यांनी मुंबईच्या पारशी समाजाची वर्षानुवर्षे काढलेली छायाचित्रे २००० साली पुस्तकरूपाने आली. घरच्या माणसाने घरातील माणसे टिपावीत, तसे ते काम आहे. पुढे डिजिटल कॅमेरा स्वस्त झाला, रिळाचा जमाखर्च संपला आणि एका लग्नात हजारो वेळा बटण दाबणे शक्य झाले. बंगलोरचे महेश शांताराम यांनी तर लग्नाचे छायाचित्रकार म्हणून मिळालेल्या प्रवेशाचा उपयोग करून ‘मॅट्रिमेनिया’ ही मालिका केली. भारतीय लग्नातील श्रीमंतीचे नेपथ्य आणि त्यामागची ओकीबोकी जागा दोन्ही तीत दिसतात. अशा कामात शैली आणि दृष्टी यांची भेट होते. एरवी मात्र ‘कँडिड’ हा शब्द दरपत्रकातील एक ओळ होऊन राहिला आहे: पारंपरिक इतके, कँडिड इतके, ड्रोनचे वेगळे.

आता उपयोगाकडे वळू. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६५ सालचा निर्णय कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. पहिली पत्नी हयात असताना दुसरा विवाह केल्याचा आरोप होता. दुसरा विवाह गांधर्व पद्धतीचा असल्याचे सांगितले गेले. न्यायालयाने म्हटले, की विवाह ‘संपन्न’ झाला असे म्हणण्यासाठी आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध व्हायला हवे. होम आणि सप्तपदी झाल्याचे, अथवा रूढीने ते अनावश्यक असल्याचे सिद्ध झाले नाही. म्हणून दोषसिद्धी रद्द झाली. हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार जेथे सप्तपदीची रीत आहे, तेथे सातवे पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण होतो. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले, की आवश्यक विधीच झाले नसतील, तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही.

आता कोणताही लग्नाचा अल्बम उघडून पाहावा. सर्वांत मोठे चित्र कशाचे असते? हार घालण्याचे. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, हार पडले, आणि विजेचे दिवे लखलखले. सप्तपदीपर्यंत पाहुणे जेवायला गेलेले असतात, छायाचित्रकारही बहुधा त्यांच्यात असतो. विवाह ज्या पावलाने पूर्ण होतो ते पाऊल क्वचितच दिसते. सोडून दिलेल्या स्त्रीला जेव्हा आपले लग्न झाले होते हे सिद्ध करावे लागते, तेव्हा ती वकिलासमोर हाच अल्बम ठेवते. एके काळी तिला निगेटिव्ह मागत. ती स्टुडिओवाल्याकडे असे आणि स्टुडिओ बंद झालेला असे. डिजिटल पुराव्याला आता प्रमाणपत्र लागते. पूर्वी पुरावा कायद्याच्या ६५ ब कलमाखाली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाखाली. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी करताना अर्जासोबत लग्नपत्रिका आणि लग्नातील छायाचित्र जोडण्याची पद्धत आहे. तेथे चालते ते छायाचित्र कोणते? दोघांचेही चेहरे स्वच्छ दिसणारे, समोर पाहणारे. म्हणजे ‘पोझ’ दिलेले. ‘डॉक्युमेंटरी’ शैलीतील, अर्धा चेहरा सावलीत असलेले सुंदर चित्र दस्तऐवज म्हणून निरुपयोगी ठरते. एव्हान्सने सांगितलेला भेद असा उलटून आपल्या अंगावर येतो: जे कृत्रिम म्हणून आपण नाकारले तेच दस्तऐवज आहे, आणि ज्याला आपण दस्तऐवजी म्हणतो त्याच्याजवळ फक्त शैली आहे.

निजामपुऱ्यात हा प्रश्न आणखी खोल जातो. निकाहमध्ये वधूची संमती हा कळीचा भाग असतो. पण ती संमती वराच्या मंडपात घेतली जात नाही. वधूचा वकील दोन साक्षीदारांसह आत, बायकांच्या खोलीत जातो, तिला विचारतो, तिचे ‘कबूल’ ऐकतो, आणि मग बाहेर येऊन ते सांगतो. छायाचित्रकार पुरुष असेल तर तो या वेळी बाहेर, वराजवळ असतो. त्यामुळे वराच्या ‘कबूल’चे छायाचित्र प्रत्येक घरात सापडते, वधूच्या ‘कबूल’चे सहसा सापडत नाही. हिंदू अल्बममध्ये सप्तपदी जशी गळते, तसाच येथे हा क्षण गळतो. पण तो कागदावर असतो. आजींची पेटी म्हणूनच जपलेली होती. ज्या गोष्टीचे चित्र निघू शकत नाही, तिची नोंद शब्दाने आणि साक्षीने ठेवण्याची ती व्यवस्था आहे.

भिवंडीविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. या गावाच्या महानगरपालिकेच्या नावात भिवंडीबरोबर निजामपूरही आहे. पण बाहेरच्या जगाने या गावाचे जे दस्तऐवजीकरण केले, ते फार वेगळ्या कारणांनी. मे १९७० ची दंगल आणि तिच्या चौकशीसाठी नेमलेला न्या. मादन आयोग, मे १९८४ ची दंगल, सप्टेंबर २०२० मध्ये कोसळलेली इमारत आणि तिच्याखाली गेलेले चाळीसच्या आसपास जीव. १९७० नंतर भीष्म सहानी येथे येऊन गेले आणि जळलेली वस्ती पाहून त्यांना रावळपिंडी आठवली. ‘तमस’च्या लेखनामागे ती आठवण होती. वृत्तपत्रांच्या संग्रहात भिवंडी शोधली, तर धूर, राख आणि ढिगारा सापडतो. १९८४ नंतर येथे सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली, हे मात्र चित्रांत दिसत नाही. न झालेल्या दंगलीचे छायाचित्र निघत नसते. त्या शांत दिवसांत या गावात काय चालले होते, हे पाहायचे असेल तर घराघरांतले लग्नाचे अल्बम पाहावे लागतील. बंद ठेवलेले लूम, गल्लीत टाकलेला मंडप, शेजारच्या हिंदू कुटुंबाने दिलेला आहेर, हे सर्व त्या अल्बमांत आहे.

आणि त्या अल्बमांत माणसे ताठ उभी आहेत. विद्यार्थिनीचे वडील एका कारखान्यात मेहता होते. वर्षभर मागांच्या खडखडाटात हिशेब लिहिणारा हा माणूस १९८९ च्या त्या चित्रात सोनेरी शेरवानी घालून, छाती पुढे काढून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला आहे. तो अभिनय आहे, हे खरे. परंतु ज्याच्या वाट्याला वर्षातील तीनशे चौसष्ट दिवस नकळत पाहिले जाणे येते, मालकाकडून, पोलिसाकडून, वार्ताहराकडून, त्याला एक दिवस स्वतःहून समोर पाहावेसे वाटले, तर त्याला खोटे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? न सांगता टिपले जाण्यातील मौज ज्यांचा सन्मान आधीच सुरक्षित आहे त्यांना परवडते. मजुराला, पडद्यातील स्त्रीला, दंगलीच्या छायेत वाढलेल्या मोहल्ल्याला ‘पोझ’ ही सन्मानाची भाषा वाटते. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे काढली, ती नकळत टिपून निघून जाण्याच्या वृत्तीने निघण्यासारखी नाहीत. त्यांच्यामागे वर्षांचा सहवास आहे. ‘डॉक्युमेंटरी’ शैलीला नैतिक वजन येते ते या सहवासाने. लग्नाच्या सकाळी येऊन रात्री जाणाऱ्या पाहुण्याजवळ तो नसतो, म्हणून त्याने निदान विचारून टिपावे.

याचा अर्थ ही नवी रीत मला नापसंत आहे, असा नव्हे. बहिणीच्या पुस्तकातील घामाची रेघ असलेला तो बावर्ची १९८९ च्या अल्बममध्ये येऊच शकला नसता. खांबाला टेकून झोपलेले ते मूल आणखी वीस वर्षांनी स्वतःला तेथे ओळखेल, आणि त्या वेळी त्या चित्राचे मोल मंडपातील सर्व रोषणाईपेक्षा अधिक असेल. या रीतीने लग्नातील श्रम दिसू लागले. पूर्वी फक्त नाती दिसत होती. एवढे श्रेय तिला द्यायलाच हवे. तिने सत्याचा मक्ता मागू नये, इतकेच.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणीच दिले नाही. नातीने मात्र आपला प्रकल्प पुरा केला. निकाहनाम्याच्या छायाप्रतीसमोरच्या पानावर तिने एक चित्र चिकटवले होते. ते बहिणीच्या पुस्तकातले नव्हते. बायकांच्या खोलीत, वकील आणि साक्षीदार आले असताना, एका मामेबहिणीने मोबाइलवर काढलेले होते. चित्र तिरके आहे, अर्ध्या भागात कोणाचा तरी दुपट्टा आला आहे. उरलेल्या भागात मेंदीने रंगलेला एक हात कागदावर सही करतो आहे. चेहरा दिसत नाही. प्रकल्पात तिने लिहिले होते, की हे चित्र वापरण्यापूर्वी बहिणीला विचारले, आणि चेहरा नसल्यामुळे तिने होकार दिला. आजींनी ते चित्र पाहून काय म्हटले, तेही शेवटच्या ओळीत होते. त्या म्हणाल्या होत्या, की याची एक प्रत पेटीत ठेव.